पाय लागला तर

तेजसच्या कंपनीने त्याला झेरॉक्स केलेली एक यादी दिली होती, 'परदेशात काय करू नये'. एकूण त्रेचाळीस कलमं. पगार विचारू नये, लग्न झालंय का विचारू नये, न कळवता कुणाच्या घरी जाऊ नये, ढेकर देऊ नये, होकार देताना मान दोन्हीकडे हलवू नये. सगळी वाचून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "अरे, मग तिथे करायचं काय? नुसतं उभं राहायचं का?"

"आत्या, प्लीज. सतरावं कलम बघ," तो म्हणाला.

सतरावं कलम होतं, 'समोरच्या व्यक्तीस हस्तांदोलनाव्यतिरिक्त स्पर्श करू नये.' त्याच्याखाली मॅनेजरने लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. त्या खास तेजससाठी होत्या.

त्याचं असं झालं होतं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीत एक अमेरिकन साहेब आला. मीटिंग चालू असताना टेबलाखाली तेजसचा पाय साहेबाच्या बुटाला लागला. आपल्यात पाय लागला की माणूस काय करतो? वाकतो, हात लावतो आणि तो हात छातीला लावतो. विचार करून कुणी करत नाही, हात आपोआप जातो. तेजसचाही गेला. साहेबाला एवढंच दिसलं, की समोरचा इंजिनिअर बोलता बोलता टेबलाखाली गेला आणि आपला बूट चाचपतोय. तो दचकून खुर्चीसकट मागे सरकला. तेजस गडबडीने वर आला तो डोकं टेबलाला आपटून, आणि साहेबाची कॉफी साहेबाच्याच लॅपटॉपवर सांडली.

आता जर्मनीहून केलरबाई येणार होत्या. दोन हजार साल उजाडायच्या आत त्यांच्या कारखान्यातले कॉम्प्युटरचे सगळे प्रोग्रॅम तपासायचे होते आणि त्यासाठी वर्षभर तिकडे जायला एकच माणूस हवा होता. तेजस किंवा अभिनव. मॅनेजरने स्वच्छ सांगितलं, पुन्हा कुणाच्या बुटाला हात गेला तर अभिनव जाईल.

तेजस माझ्या भावाचा मुलगा. बारावीनंतर वाशीमहून इंजिनिअरिंगला पुण्यात आला आणि विश्रांतवाडीला माझ्या दोन खोल्यांत राहिला. सहा वर्षं झाली. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय. एका मुलाचा एक हात जागेवर ठेवणं मला जमणार नाही, असं मला कुणी सांगितलेलं खपलं नसतं. "तीन आठवडे आहेत ना? बघते मी," मी म्हटलं.

पहिली अडचण टेबलाची. आम्ही जमिनीवर बसून जेवणारी माणसं. पण आमचे घरमालक कोंडीराम यांनी शेत बिल्डरला दिल्यावर बारा खुर्च्यांचं डायनिंग टेबल घेतलं होतं. त्यावर कधी कुणी जेवलं नव्हतं, लसूण वाळत पडलेला असे. आम्ही लसूण एका बाजूला केला आणि समोरासमोर बसलो. मी केलरबाई झाले.

"जर्मनीत थंडी फार असते," मी म्हटलं आणि टेबलाखालून त्याला लाथ मारली.

त्याचा हात खाली गेला. पण माझाही गेला. लाथ मी मारली होती, म्हणजे पाय माझा लागला होता. टेबलाखाली आमची डोकी अशी आपटली, की मला दिवसा तारे दिसले. दुसऱ्यांदा तसंच, तिसऱ्यांदाही. कोंडीराम दारात उभे राहून बघत होते.

"बाई, तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई," ते म्हणाले. "उठा. मी मारतो."

"तुमचा हात नाही जाणार खाली?"

"माझी कंबर धरलीया दोन वर्षं. वाकतंय कोण?"

मग रोज संध्याकाळी कोंडीराम केलरबाई होऊ लागले. धोतर सावरून बसायचे आणि मनापासून लाथा मारायचे. मी तेजसच्या दोन्ही हातांत चहाचा भरलेला कप दिला, म्हणजे हात मोकळा राहणार नाही. पहिले चार दिवस चहा त्याच्या पँटवर सांडला, पाचव्या दिवशी बशीत सांडला, आणि आठवडा संपता संपता फक्त कप हलला. मग मी पुढचा धडा घेतला. पाय लागला की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, थोडंसं हसायचं, 'सॉरी' म्हणायचं आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायचं. रोज दहापैकी मार्क द्यायचे. कोंडीराम मात्र त्याला रोज पास करत. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा लाथा मारायच्या असत.

तिसऱ्या आठवड्यात मी न सांगता परीक्षा घेऊ लागले. जिन्यात, बसस्टॉपवर, भाजी निवडताना. पोरगं डगमगेना. एकदा लायब्ररीचं पुस्तक जमिनीवर होतं, त्याला त्याचा पाय लागला. एरवी त्याने ते उचलून कपाळाला लावलं असतं. त्या दिवशी पुस्तकाकडे बघून थोडंसं हसला, 'सॉरी' म्हणाला आणि पुढे गेला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. मी खुशीत दहापैकी दहा दिले.

केलरबाई आल्या. तेजसने घरी येऊन सांगितलं, की त्या उंच होत्या, त्यामुळे टेबलाखाली पाय लागायचा तो लागलाच. तो 'सॉरी' म्हणाला, त्याही 'सॉरी' म्हणाल्या, आणि काम पुढे चालू झालं. अभिनवचा पाय कुठेही लागला नाही. पण घाबरून त्याने दुसऱ्याच मिनिटाला केलरबाईंना लग्न झालंय का म्हणून विचारलं, आणि नाही म्हटल्यावर का नाही तेही विचारलं. जर्मनीला तेजस निघाला. कोंडीरामांनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, की पोरगं माझ्या लाथा खाऊन मोठं झालं.

निघायच्या दिवशी दुपारी मुंबईची टॅक्सी दारात आली. मी त्याच्या हातावर दही घातलं. त्याने देवाला आणि मला नमस्कार केला, तिथवर सगळं रीतसर झालं. मग मी उंबऱ्याजवळ खाली बसून त्याच्या पिशवीला दोरी बांधत होते. तो बॅग उचलून ड्रायव्हरशी बोलत बाहेर निघाला आणि त्याचा नवा बूट माझ्या पायाला चांगलाच लागला.

त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. थोडंसं हसला. "सॉरी," म्हणाला, आणि ड्रायव्हरला सांगत असलेलं वाक्य पुरं केलं.

अगदी शिकवलं होतं तसं. कुठेही मार्क कापायला जागा नव्हती.

मला फार वाईट वाटलं. दोन खोल्यांत दोन माणसं राहिली की दिवसातून दहादा पाय लागतो. सहा वर्षं तो प्रत्येक वेळी वाकत आला होता, परीक्षेच्या घाईतसुद्धा, माझ्यावर रुसलेला असतानासुद्धा. मी कधी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. आता ते बंद झालं आणि बंद करणारी मीच. राग आला होता, पण काढणार कुणावर? मी दोरीला आणखी दोन गाठी मारल्या, पिशवी टॅक्सीत ठेवली आणि 'जपून जा' म्हटलं. टॅक्सी निघाली.

ती कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि उलटी उलटी परत येऊ लागली. मागे रिक्षावाले शिव्या घालत होते.

"पासपोर्ट इसरला वाटतं," कोंडीराम म्हणाले.

तेजस उतरला. माझ्यासमोर वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि तो छातीला लावला.

"आत्ता लक्षात आलं," तो म्हणाला. "कोपऱ्यावर."

"तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात घातलीस," मी म्हटलं. "तिकडे असं करू नकोस हं."

"तिकडे कशाला करीन? तिकडे काय आत्या आहे?"

तो जागचा हलेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"जातो का आता," कोंडीराम म्हणाले, "का घालू एक लाथ?"