कम्प्युटरमध्ये

"आई, अगं बूट काय काढतेस? इथे नाही काढायचे," स्वरूपा दबक्या आवाजात म्हणाली.

तोवर पद्मिनीबाईंचा उजवा बूट निघालासुद्धा होता. परदेशातल्या मेनूथ गावच्या विद्यापीठातल्या त्या खोलीच्या दारात, एक हात भिंतीला टेकवून, त्या डाव्या बुटाच्या नाडीशी झुंजत होत्या. आत कपाटाएवढा जुना कम्प्युटर उभा होता आणि दारात लाल दोर बांधला होता. दोरापाशी राखणीला बसलेला डेक्लन नावाचा म्हातारा लगबगीने उठला.

"यू आर ग्रँड, लीव्ह देम ऑन," तो म्हणाला.

"कम्प्युटर आहे ना आत? मग?" पद्मिनीबाईंनी मराठीतच विचारलं आणि दोन्ही बूट जोडीने भिंतीशी लावून ठेवले.

पन्नास वर्षांपूर्वीची सवय ती, इतक्यात कुठली सुटायला. पुण्याच्या एका कारखान्यात पद्मिनीबाई पंच ऑपरेटर होत्या. कामगारांची हजेरी आणि रजा कागदावरून वाचायची आणि मशीनवर टकाटक कार्डांना भोकं पाडायची; कम्प्युटर तीच भोकं वाचायचा. ट्रे भरला की कम्प्युटरच्या खोलीपाशी न्यायचा, चपला काढायच्या आणि भिंतीतल्या खिडकीतून तो आत सरकवायचा. खिडकी उघडली की गार हवा तोंडावर यायची. मे महिन्यात ट्रे कुणी न्यायचा यावरून मुलींची भांडणं व्हायची. आत मात्र त्यांच्यातली एकही कधी गेली नाही. गजऱ्याची पाकळी मशीनमध्ये जाते, साडीचे धागे उडतात, असं आतले साहेब सांगायचे. पद्मिनीबाईंनी गजरा माळणं सोडून पाहिलं. खिडकी उघडायची तेवढीच उघडत राहिली.

गंमत अशी, की बाहेर सगळीकडे त्यांचा डंका. लग्न ठरवताना वडिलांनी ऐटीत सांगितलं होतं, मुलगी कम्प्युटरमध्ये आहे. सासरी पाहुणे आले की त्यांना मुद्दाम बाहेर बोलवायचे, ही आमची सून, कम्प्युटरमध्ये असते. स्वरूपा हेच ऐकत वाढली, आई आहे तर आपणही, म्हणत इंजिनिअर झाली आणि इथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात आली. घोडं पेंड खात होतं ते त्या 'मध्ये'पाशी, आणि ते एकट्या पद्मिनीबाईंना ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात स्वरूपाच्या कारखान्यात घरच्यांना बोलावलं होतं. पद्मिनीबाई नवी साडी नेसून गेल्या, पण फिरवलं ते बाहेरच्या दालनात.

"आत नाही नेता येत गं. क्लीनरूम असते ना. आम्हीसुद्धा बूट बदलून, पांढरा सूट घालून जातो. एक केस पडला तरी प्रॉब्लेम होतो," स्वरूपाने समजावलं होतं.

भिंतीवर आतला फोटो होता. डोळ्यांखेरीज काही न दिसणारी पांढरी माणसं.

"यातली तू कोणती?"

स्वरूपाने बराच वेळ शोधलं. "सांगता नाही येत," ती म्हणाली.

परतताना गाडीत पद्मिनीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या होत्या, "मला एकदा आत जायचं होतं." आई हिरमुसली आहे एवढंच स्वरूपाला कळलं. गुरुवारचं परतीचं विमान होतं आणि या वयात पुन्हा येणं होईलसं दोघींनाही वाटत नव्हतं. म्हणून तिने हे प्रदर्शन शोधून काढलं होतं. चल, तुला तुझ्या वेळचा कम्प्युटर दाखवते, म्हणाली होती.

आता तिने डेक्लनला अभिमानाने सांगितलं, "माय मदर वॉज इन कम्प्युटर्स."

"इन नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या. "आउट. सांग त्याला, आउटसाइड."

"म्हणजे?"

"म्हणजे खिडकीबाहेर. मी कार्डं पंच करायचे. कम्प्युटर मी कधी पाहिलेलाच नाही, स्वरू."

डेक्लनने त्यातला 'पंच' हा शब्द बरोबर उचलला. तो पूर्वी जवळच्या नास गावातल्या एका कंपनीत कम्प्युटर ऑपरेटर होता, म्हणजे आतला. आमच्याही पंचच्या मुली बाहेरच असायच्या, तो सांगू लागला. माझी नोरा त्यातलीच. चाळीस वर्षं संसार केला, पण तुला आत बघायचंय का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. मग ते मशीन गेलं आणि परवाच्या नाताळात तीही गेली.

त्याचं इंग्रजी पद्मिनीबाईंना निम्मंच कळलं, पण तेवढं पुरेसं होतं. म्हाताऱ्याने दोर सोडला आणि बाजूला झाला.

स्वरूपाही मागोमाग निघाली, तशी पद्मिनीबाई म्हणाल्या, "तू थांब. बुटांकडे लक्ष ठेव."

मेनूथमध्ये म्हातारीचे बूट कोण चोरणार होतं? तरी स्वरूपा थांबली.

पद्मिनीबाई आत गेल्या. सवयीने हात अंबाड्याकडे गेला, गजरा नाही ना ते बघायला. मशीन मुकाट उभं होतं, ना दिवा ना घरघर. आणि खोली गार नव्हतीच. भिंतीशी हीटर लावला होता. बाहेर हुडहुडी आणि आत ऊब, सगळंच उलटं. त्यांना हसू आलं आणि मागोमाग फार वाईट वाटलं, माणूस गेल्यावर भेटायला पोचल्यासारखं. त्यांनी हळूच मशीनच्या पत्र्यावर तळवा टेकवला. डेक्लनने तेवढ्यात दुसरीकडे पाहिलं.

मग त्या वळल्या. दाराबाहेर स्वरूपा मान उंच करून आत बघत उभी होती, आईचे दोन्ही बूट छातीशी धरून. आतून बाहेरचं माणूस असं दिसायचं तर. आतल्या साहेबांना ते रोज दिसत असणार, आणि तरी त्यांनी खिडकी लावून घेतली.

"ये गं आत," पद्मिनीबाई म्हणाल्या.

स्वरूपाने आईचे बूट पुन्हा जोडीने भिंतीशी लावले आणि शेजारी आपले काढून ठेवायला ती खाली वाकली.