जवाचे विसण

बिअरच्या लागोपाठ तीन बॅच पातळ निघाल्यावर अंबडच्या त्या छोट्या ब्रुअरीचा मालक सार्थक महेशसरांना म्हणाला, "सर, चौथीही तशीच झाली, तर मला दुसरा ब्रुअर बघावा लागेल." माणूस वाईट नव्हता; हे बोलताना त्याने नजर खाली वळवली होती.

कामगारांनी निदान आधीच केले होते: सरांचा हात गेला. सरांची मदतनीस हर्षाली रसायनशास्त्र शिकलेली होती. हात जातो म्हणजे नेमके काय होते आणि ते कशाने मोजायचे, हे तिला कोणी सांगू शकत नव्हते.

मोजण्याजोगे होते ते तापमान. मोड आणून वाळवलेला जव भरडून गरम पाण्यात कालवतात. हे मिश्रण सदुसष्ट अंशांवर राहिले, तर बिअर भरीव होते. दोन-तीन अंश घसरले, तर यीस्ट जास्त साखर फस्त करते आणि बिअर पातळ लागते. मिश्रणाच्या टाकीचा तापमापक दिवाळीपासून बंद होता. सर निर्धास्त होते. पाणी बहात्तरवर घेतले की मिश्रण सदुसष्टवर येते, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव होता.

चौथ्या बॅचच्या सकाळी हर्षालीने घरून आणलेला तापमापक जवाच्या पोत्यात खुपसला.

"पोत्याला ताप आलाय का?" सरांनी विचारले.

"उलट. दहा अंश."

दिवाळीत साफसफाई करताना पोती बॉयलरशेजारून उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली होती. बॉयलरशेजारी ती तीस अंशांवर असत.

"सर, आंघोळीला उन्हाळ्यात आणि थंडीत विसण सारखंच घेता?"

"विसण बायको घालते."

"मग वहिनींना हे गणित येतं. आपला जव म्हणजे कढत पाण्यात घातलेलं विसणच. यंदा ते जास्त गार आहे."

तिने हिशेब मांडला. शंभर किलो जव उष्णतेच्या दृष्टीने चाळीस लिटर पाण्याएवढा. तीनशे लिटर बहात्तरचे आणि चाळीस दहाचे, तर मिश्रण पासष्टच्याही खाली. "सदुसष्ट हवं असेल, तर पाणी साडेचौऱ्याहत्तरचं घ्यायचं."

सरांनी टाकीच्या पोलादावर तळहात टेकवला. "हिला विसरलीस. हीपण गारठलीय. पंचाहत्तर घे."

हर्षाली खरोखरच विसरली होती. पाणी पंचाहत्तरवर घेतले. जव कालवून झाल्यावर तिने तापमापक मिश्रणात धरला. पारा सदुसष्टवर थांबला.

बिअर तयार झाली तेव्हा सार्थकने घोट घेतला, पुन्हा घेतला आणि ग्लास हातातच ठेवून तो म्हणाला, "सर, तुमचा हात परत आला."

"हात इथंच होता," महेशसर म्हणाले. "पोती लांब गेली होती."

एका बॅचवरून निष्कर्ष काढू नये, हे हर्षालीला माहीत होते. पण सार्थकने दुसऱ्या ब्रुअरचा विषय पुन्हा काढला नाही, आणि तिनेही आपली शंका पुढच्या बॅचपर्यंत स्वतःपाशी ठेवली.