काठाकाठानं जाणारं पाणी

चांदसाहेबाची लेक शिफा सांगलीहून आली ती एक पेटी, दोरखंडाचं भेंडोळं आणि रिकाम्या बाटल्यांचं खोकं घेऊन. नदीचं पाणी तपासायचं तर आत उतरायला नाव हवी, आणि आमच्या गावात नाव नाही. कृष्णाकाठाला नाव कशाला लागते? गूळ आटवायची भलीमोठी कढई, काहील, आहे की! महापुरात निम्मं गाव आम्ही काहिलीत बसवून बाहेर काढलं होतं. मी माझ्या गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली आणि म्हटलं, "बस पोरी. कारखान्याचं पाप मोज."

तो कारखाना पलीकडच्या काठावर दारू गाळतो आणि काळं पाणी नदीत सोडतो. आमच्याकडं काविळीची साथ आली, माझी नात भाग्यश्री दवाखान्यात पिवळीधमक होऊन पडली, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आणि चांदसाहेब कारखान्याच्या गेटवर उपोषणाला बसलो. चांदसाहेब माझा जिवाचा दोस्त आणि पंचायतीचा सदस्य. गावात पूर्वी गल्लीगल्लीतून घाण वाहायची. तालुक्याला चपला झिजवून त्यानं ती बंदिस्त गटारात घातली आणि नदीला नेऊन सोडली. तेव्हा गावानं त्याला फेटा बांधला होता.

आता कारखान्यावर सुनावणी लागली होती, आणि घाण नदीत कशी मिसळते ते तपासायला सांगलीच्या कॉलेजनं तिथं काम करणाऱ्या शिफालाच पाठवलं. गाव खूश झालं. पोरगी आपली, मग अहवाल दुसऱ्याचा कसा येईल?

शिफा आधी शिरवळला एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. एसीत बसून काम करणारी ही पोरगी काहिलीत बसली की किंचाळणार, अशी माझी खात्री. पण ती मांडी घालून बसली आणि मलाच म्हणाली, "काका, हलू नका."

तिनं दोर या काठावरच्या बाभळीपासून त्या काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारीच्या खांबापर्यंत ताणला. दोर धरून आम्ही जरा पुढं सरकायचं, थांबायचं, ती मशीनची कांडी पाण्यात सोडायची, बाटली भरायची. परत सरकायचं. ऊन डोक्यावर आलं तसा मी कावलो.

"एवढा खटाटोप कशाला? मधनं एक बाटली भर, झालं. नदी एकच हाय न्हवं?"

"चहात साखर टाकली आन् ढवळलीच न्हाई, तर वरचा घोट कसा लागंल?"

"फिक्का."

"मग चहात साखरच न्हाई म्हणायचं का?"

"आगं, पर नदी वाहती. ढवळत न्हाई व्हय?"

"ढवळती, पर लय सावकाश. सोडलेलं पानी लांबवर काठ धरूनच जातं, काका. म्हणून या काठापासनं त्या काठापातुर मोजायचं."

पलीकडच्या काठाशी मशीनचे आकडे बिघडले. मी आनंदानं काहिलीवर अशी थाप मारली की दोघंही पाण्यात पडायचो. परत येताना मध्यावर पाणी चांगलं निघालं. मी म्हटलं, झालं काम, घरी चल, भाकरी खा.

"निघताना सोडल्याला आपला काठ ऱ्हायलाय," ती म्हणाली.

आमच्या काठाशी, जॅकवेलच्या जरा वरच्या अंगाला, आकडे पुन्हा बिघडले. तिनं कांडी धुतली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. जॅकवेल म्हणजे आमच्या नळांचं पाणी जिथून उचलतात ती नदीतली विहीर. मी म्हटलं, मशीन बिघडलं. ती वरच्या अंगाला बघत राहिली. तिथं गावच्या गटाराचं तोंड होतं.

मला राग आला. तिचा नाही, सगळ्याचाच. "हे बघ शिफा, पलीकडचं काय ते लिव. हिकडचं ऱ्हाऊ दे. तुझ्या बापानं केल्यालं गटार हाय ते."

"म्हणून तर परत मोजलं, काका," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माजं चुकलं असतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणीपुरवठ्याचा पंप बंद ठेवायला लावला आणि गावाला घाटावर बोलावलं. कुणाला अपाय न करणारा गुलाबी रंग तिनं स्वतःच्या दारासमोर झाकण उचलून गटारात ओतला. थोड्या वेळानं तो नदीत आला. आता हा मध्यापर्यंत पसरणार, विरून जाणार, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. तो कुठला विरतोय! वळला, आणि आमच्याच काठाला चिकटून सरकत गेला. धुण्याच्या दगडांना लागून गेला आणि सरळ जॅकवेलला जाऊन भिडला.

 मग सरपंच भाऊसो ओरडला, "कारखान्याची वकिली कराय आलीस व्हय गं?"

"कारखाना सुटत न्हाई," शिफा म्हणाली. तिची मान खाली गेली नाही. "त्याची घाण खालच्या गावांस्नी लागती, ते मी लिवणार हाय. पर आपल्या पोरांची कावीळ कारखान्याच्या पान्यानं झाली न्हाई. ती संडासाच्या पान्यानं झाली. गटाराला संडास कुणी जोडले, ते तुमास्नी ठावं हाय."

सगळ्यांनीच जोडले होते. मीपण.  बापाला बांधलेला फेटा भर घाटावर उतरवायचा, आणि तोही खरं बोलण्यासाठी, याला केवढं काळीज लागतं! माझ्या अख्ख्या खानदानात एवढं कुणाकडं नाही.

चांदसाहेब पायरीवर बसला होता. लेकीकडं बघत होता. आता हा तिला बोलतो की काय म्हणून मी त्याच्या शेजारी सरकलो. तो उठला.

"गटाराचं तोंड बुजवा. आत्ताच्या आत्ता."

"खुळा झालास का रं?" मी म्हटलं. "तुजं घर सगळ्यात खाली. अख्ख्या गावाची घाण तुज्या दारात उभी ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे की. माज्या दारात दिसंल तरी, गड्या. हंड्यात दिसत न्हाई."

पहिलं वाळूचं पोतं त्यानं स्वतः ओढलं. दुसऱ्याला शिफानं हात लावला. मग मला तरी काठावर उभं राहवतंय होय?

दुपारी काळं पाणी चांदसाहेबाच्या उंबऱ्याला लागलं. अकिलाभाभीनं आधी नवऱ्याचा यथेच्छ उद्धार केला, मग शिफाला पोटाशी धरून रडली. गाव एकेक करून त्या दारावरून गेलं. नाकाला पदर, धोतराचा सोगा, जे हाताला लागेल ते लावून गेलं. आपल्याच घरचं पाणी ओलांडून जाताना कुणाचंच तोंड वर नव्हतं.

दिवस मावळायच्या आत गावात पहिली कुदळ पडली. संडासाचं पाणी जमिनीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्याची जागा दाखवायला शिफा सरपंचाच्या परसात उभी होती, आणि खणणारा भाऊसो मान वर न करता तिला विचारत होता, "हितं चालंल का, ताई?"