पाहुणे येईपर्यंत

आमच्या गावात व्याख्यान लांबलं की ऐकणारी माणसं खुर्च्या होतात. आधी पाय ताठतात, मग पाठ, शेवटी चेहरा पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये बुडतो. व्याख्यान संपेपर्यंत जो माणसात आला नाही, त्याला मांडववाला इतर खुर्च्यांत रचून टेंपोत टाकतो आणि पुढच्या गावच्या लग्नाला पाठवतो. याबद्दल कुणी तक्रार करत नाही. व्याख्यानमाला ही आमच्या वाचनालयाची शान आहे.

यंदा मला बोलावलं होतं. विषय होता, आपल्या तालुक्यातली झाडं. मी जन्मभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं ते तोंडाने आणि खडूने. चित्रांचे लाड मला खपत नाहीत. पण माझ्या बायकोने, मंदाकिनीने, उन्हाळाभर बसून मोठाल्या कागदांवर झाडं रंगवली.

"अहो, नुसतं ऐकत माणसं किती वेळ बसतील? काहीतरी दाखवा, म्हणजे जीव रमतो."

"ज्याला ऐकायचंय तो ऐकेल," मी म्हणालो. तरी कागदांची गुंडाळी बरोबर घेतली, कारण ती स्वतः तिसऱ्या रांगेत बसणार होती.

प्रमुख पाहुणे आल्याशिवाय वक्त्याने थांबायचं नाही, हा वाचनालयाचा जुना नेम. वक्ता आधीच खाली बसला तर व्याख्यान संपलं असं धरत नाहीत. कार्यवाह पेंढारकर फोन कानाला लावून दाराशी उभे होते. मी मुळांपासून सुरुवात केली. मुळं संपली तेव्हा मागच्या रांगेत खुर्च्यांवर खुर्च्या होत्या.

"पेंढारकर, पाहुणे?"

"निघालेत, सर. जरा ताणा."

मी ताणलं. मधल्या रांगा गेल्या. जरा गप्प राहूनही पाहिलं, पण शांततेत माणसं जास्तच लवकर प्लॅस्टिक होतात. मग मंदाकिनीची पावलं पांढरी पडलेली दिसली. मी तिला दाराकडे खूण केली. तिने मान हलवली. वक्त्याची बायकोच उठून गेली तर लोक काय म्हणतील, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी चिंचेचं चित्र उलगडून धरलं.

सगळं सभागृह माणसात आलं. लोक पुढे वाकले, कुणीतरी आवंढा गिळला. मंदाकिनीने पावलं हलवली आणि माझ्याकडे बघून हसली. मी सांगत नव्हते का, असं ते हसू होतं. मग कागद कोरा झाला. खिडकीबाहेरची चिंचही नव्हती, तिच्या जागी नुसतं ऊन होतं. दाखवलेली गोष्ट खर्ची पडते हे मला तेव्हा कळलं. कुणाला वाईट वाटलं नाही, कारण चिंच म्हणजे काय हे कुणालाच आठवत नव्हतं. दाखवणाऱ्याला मात्र आठवत राहतं.

त्यानंतर बकुळ दाखवली. पळस दाखवला. प्रत्येक झाडाने लोकांना थोडा वेळ धरून ठेवलं, आणि प्रत्येक वेळी बाहेरचा उजेड वाढत गेला. शेवटच्या कागदावर आमच्या अंगणातला पारिजातक होता. तोही गेला. मंदाकिनी त्या कोऱ्या कागदाकडे कौतुकाने बघत होती.

"पेंढारकर?"

"वेशीपर्यंत आलेत, सर. अजून थोडंच."

या वेळी प्लॅस्टिक तिच्या गुडघ्यांवर चढलं, मग कमरेवर. तिने पदर नीट करायला हात उचलला आणि तो मध्येच अडखळला. दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. फक्त खिशातल्या पाकिटात आमच्या लग्नातला फोटो होता. अंतरपाट नुकताच दूर झालेला, आणि ती माझ्या मुंडावळ्यांना हसतेय.

तिला वाचवायचं तर तो द्यावा लागणार होता. द्यायचं माझ्या जिवावर आलं. पण मी दिला.

फोटो लहान होता, म्हणून पहिल्या रांगेने तो हातोहात मागे पाठवला. मंदाकिनीने तो डोळ्यांजवळ धरला. तिच्या कमरेत, गुडघ्यांत, बोटांत रंग परतला. मग तो कोरा कागद तिने शेजारणीला दिला. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

"मंदा," मी माईकवर म्हणालो.

ती वळून मागच्या रांगेकडे बघू लागली. मी कुणाला हाक मारली हे तिला पाहायचं होतं.

इतक्यात दार उघडलं. पाहुणे आले, टाळ्या झाल्या, हार झाला. पेंढारकर लगबगीने व्यासपीठावर आले.

"सर, साहेबांनी काहीच ऐकलेलं नाही. पहिल्यापासून घ्या."

"चित्रं संपली."

"चालेल की. तुम्हाला कुठे लागतात चित्रं?"

साहेब पहिल्या रांगेत बसले. ते बसल्यावर आमच्याकडे कुणी उठत नाही. मंदाकिनीने एकदा दाराकडे पाहिलं; आता ती कुणा वक्त्याची बायको नव्हती, पण जायची वेळ टळली होती. तिने पदर सावरला आणि सरळ बसली.

मी मुळांपासून सुरुवात केली. मी हळू बोलत होतो. थोड्या वेळाने तिने हात वर केला. तो कोपरापर्यंत पांढरा झाला होता.

"सर, जरा मोठ्याने बोलाल का? इथे नीट ऐकू येत नाहीये."

मी मोठ्याने बोलू लागलो. हात वरच राहिला.