चौथा खड्डा

रोजानं कामाला येणाऱ्या खेमानं उसनी नेलेली कुदळ भिंतीला टेकवली आणि जाता जाता म्हणाला, "बांधावरची चार बी घातली व्हती बरं का त्या पोत्यात. जाड व्हती. फेकून द्यायला जीवावर आलं."

शीतलच्या हातात थर्मासचं झाकण होतं. ते हातातच राहिलं.

"कोणती चार?"

"मुळ्या. तुमच्या कॉफीच्या." शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं तो उभा होता.

अकरा वाजून दहा मिनिटं. तीन वाजता विहारात सव्वीस जणी कप धरून बसणार होत्या.

*

आधी कॉफीचं सांगितलं पाहिजे.

पद्माबाई, म्हणजे शीतलच्या सासूबाई, दर पौर्णिमेला अष्टशील पाळतात. सकाळी विहारात वंदना, बाराच्या आत जेवण, आणि मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्नाचा कण नाही. दूधही नाही, कारण दूध म्हणजे अन्न. पाणी चालतं, कोरा चहा चालतो. तीस वर्षं त्यांनी पौर्णिमेची दुपार कोऱ्या चहावर काढली. मग गेल्या दिवाळीत छातीत धडधड सुरू झाली. नांदेडच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बघितली आणि चहा बंद केला. कॉफीही. त्यानंतरच्या पौर्णिमा पद्माबाईंनी शेजारणीच्या कपातल्या वाफेकडे बघत काढल्या.

बचतगटाच्या शिबिरात शीतलनं ऐकलं होतं की कासनीच्या, म्हणजे चिकोरीच्या, मुळ्या भाजून दळल्या की कॉफीसारखी पूड होते आणि तिच्यात चहा-कॉफीतलं ते तरतरी आणणारं द्रव्य नसतं. कासनी तर त्यांच्याच लसूणघासात तण म्हणून माजलेली. घासाची मुळी दोरीसारखी, कासनीची गाजरासारखी. खणायच्या, धुवायच्या, चकत्या करायच्या, पाच-सहा उन्हं द्यायची, लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायच्या. आधी शेंगदाण्यासारखा वास येतो, मग गूळ करपल्यासारखा. खरोखर करपायच्या आत कढई उतरवायची. चकती बोटात टचकन मोडली की झालं.

पहिला घाणा ओंजळभर मुळ्यांचा होता. त्या शीतलनं स्वतः खणल्या होत्या, पानं बघून. पद्माबाईंनी तो दोन दिवस पुरवून पुरवून प्यायला. तिसऱ्या दिवशी त्या विहारात सांगून आल्या, माघ पौर्णिमेला सगळ्यांना सुनेच्या हातची.

सगळ्यांना म्हणजे पोतंभर मुळ्या. पोतंभर म्हणजे खेमा आणि त्याच्या हातात कुदळ. आणि शीतल त्याला काय म्हणाली होती?

"आधी घास कापून म्हशीला टाका, मग खणा. पाला वाया जायला नको."

म्हणजे खणताना वर पान नव्हतंच.

*

"मामा, बांधावर काय होतं?"

पुंजाजी, तिचे सासरे, ओसरीवर रेडिओचे सेल उन्हात वाळत घालत होते. "कुठल्या बांधावर?"

"घासाच्या. तुमी विळ्यानं छाटला ना मागल्या पंधरवड्यात."

"सगळंच व्हतं की. गवत व्हतं, कासनी व्हती, धोतरा तर जागोजाग. छाटून पेटवून दिलं. काहून?"

"काही न्हाई."

"तोंड असं काहून झालं मग, इंजेक्शन दिल्यावानी?"

धोतरा. काटेरी बोंडाचा, पांढऱ्या भोंग्यासारख्या फुलांचा. जनावर त्याला तोंड लावत नाही. त्याचीही मुळी जाड असते. किती जाड? गाजराएवढी? शीतलनं आयुष्यात कधी धोतऱ्याची मुळी बघितली नव्हती. कोण बघतं? उपटून फेकतात, वळूनही बघत नाहीत.

धुताना बघितली असेल की. पोतं तिनंच धुतलं होतं. तिला गार पाणी आठवलं, नखात गेलेली माती आठवली, एक मुळी दोन बोटांत मावत नव्हती म्हणून उभी चिरली होती ते आठवलं. ती कसली होती ते आठवेना. चकत्या सगळ्या सारख्या. वाळल्यावर आणखी सारख्या. भाजल्यावर काळ्या, दळल्यावर पूड. आता ती पूड गुळासकट उकळून दोन मोठ्या थर्मासात भरलेली होती आणि थर्मास ओट्यावर शेजारी शेजारी उभे होते, लग्नाला निघालेल्या जोडीसारखे.

*

फोनवर शोधलं. धोतरा, विषबाधा, लक्षणं.

तोंड कोरडं पडणं.
छातीत धडधड.
डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं.
असंबद्ध बोलणं.

छातीत धडधड. ही ओळ तिनं तीनदा वाचली. ज्या बाईची धडधड थांबावी म्हणून हे सगळं केलं, तिलाच.

साडेअकराला तिनं एक कप ओतून घेतला आणि उभ्यानं प्यायला. कडू, मागून गोड, पहिल्या घाण्यासारखीच. निदान तसं वाटलं. मग दुसरा कप. मग ती आरशासमोर जाऊन उभी राहिली.

अकरा पन्नास. बाहुल्या, आहेत तेवढ्या. खिडकीकडे वळल्यावर लहान होतात. होतात ना?

बारा दहा. तोंड कोरडं. जीभ टाळूला चिकटते.

बारा पंधरा. धडधड.

पण तोंड तर खेमा बोलला तेव्हाच कोरडं पडलं होतं, आणि धडधड पहिला कप ओठाला लावण्याआधीपासून होती. ती आरशासमोर उभी राहून स्वतःला विचारत होती की हे विष आहे की भीती, आणि आरशातली बाई घाबरलेली दिसत होती, एवढंच. असं कसं कळणार. तिला एकदम हसू आलं आणि हसू आलं म्हणून ती आणखी घाबरली.

*

"खेमाभाऊ, ते चार खड्डे दाखवा."

"आता? उन्हाचं?"

"आता."

शेत गावापासून दहा मिनिटांवर, वारंगा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. मागून पुंजाजीही आले. सून दुपारची कुदळ घेऊन पळते म्हटल्यावर ओसरीवर बसवेना त्यांना.

बांध कोरडा, काळा पडलेला, जळालेल्या काड्यांचा. खेमानं पायानंच दाखवलं. हा एक. हा दुसरा. तो तिसरा, बाभळीपाशी. आणि ह्यो.

शीतल पहिल्या खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसली. मुळी ओढताना तळाशी मोडली होती, तिचा तुकडा मातीत अजून रुतलेला होता. तिनं खुरप्यानं तो तासला. वाट बघितली. कापलेल्या जागी पांढरा थेंब आला. मग आणखी एक. दूध.

"कासनी," ती म्हणाली. कासनीला चीक असतो, धोतऱ्याला नसतो. एवढं तिला पक्कं माहीत होतं.

"म्या म्हणलोच व्हतो," खेमा म्हणाला. तो तसं काहीच म्हणाला नव्हता.

दुसरा खड्डा, दूध. तिसऱ्यात तुकडा खोल होता. पुंजाजींनी स्वतः कुदळ घेऊन माती काढली. तिथंही दूध. शीतलनं बोटावर घेऊन बघितलं, चिकट, कडवट वासाचं.

चौथ्या खड्ड्यात काही नव्हतं.

तिनं हातभर उकरलं. बाजूनं उकरलं. ढेकळं फोडली.

"ती सबंध निघाली व्हती," खेमा म्हणाला. "सगळ्यात मोठी. लई जोर लावला बगा, मागं पडलो असतो."

"पान? एखादं पान? देठ?"

"ह्या बापूनं छाटलं व्हतं ना आधीच," त्यानं पुंजाजींकडे हनुवटी केली. " नुसता खुंट व्हता."

"खुंट कसा होता?"

"खुंटावानी."

पुंजाजी उकिडवे बसले. "आता एका मुळीनं काय व्हतंय, पोरी. पोत्यात एक. त्यातली बी धोतऱ्याचीच असंल असं कोण म्हणतं?"

"आणि असली तर?"

त्यांनी एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं. मग म्हणाले, "तिला निदान देऊ नको. पद्मीला."

"आणि बाकीच्या पंचवीस?"

खेमानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

*

वाटेत तिनं शब्द जुळवले. करपली. एवढंच म्हणायचं. आत्या, करपली ओ, कढई तापली जास्त. कोणाला काही कळणार नाही, हसतील, संपेल. तिनं दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. करपली. करपली.

सकाळी सात वाजता याच तोंडानं तिनं पंचशील घेतलं होतं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. सकाळी ते म्हणायला काही जड जात नाही, सकाळी खेमा आलेला नसतो.

*

विहारात सतरंजीवर कप मांडून ठेवलेले. पांढऱ्या साड्या ओळीनं. पद्माबाई मधोमध, पाठ ताठ, डोळे थर्मासांवर.

"काय गं," सपना म्हणाली. ती गल्लीतलीच, जिभेला हाड नसलेली. "मुळ्या खणायला गेली व्हती का विहीर? बारापासून पोटात फक्त पाणी हाय आमच्या."

बायका हसल्या. पद्माबाईही हसल्या. "दम धर. चव घेशील तर चहा विसरशील."

शीतलनं थर्मास खाली ठेवले. झाकणावर हात तसाच ठेवला.

"आत्या."

"ओत की."

"चार मुळ्या बांधावरच्या आल्यात ह्याच्यात. तीनची खात्री हाय, कासनीच्याच. चौथीची न्हाई." तिनं झाकण आणखी घट्ट फिरवलं. "बांधावर धोतरा व्हता. मीच म्हणले व्हते आधी पाला कापा म्हणून."

 

सपनानं आपला कप हळूच उपडा घातला. मग तिच्या शेजारणीनं.

"तू पिलीस?" पद्माबाईंनी विचारलं.

"दोन कप. साडेअकराला."

"मंग?"

"तोंड कोरडं हाय. धडधडतंय. पण ते पिण्याआधीपासूनच."

पद्माबाईंनी तिचं मनगट ओढून घेतलं आणि दोन बोटं टेकवली, दिवाळीपासून स्वतःच्या मनगटावर टेकवत आल्या तशी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत राहिल्या. त्यांनी हात सोडला.

"जलद हाय. पण एका चालीनं चालती. माझी अडखळती." मग घसा साफ करून म्हणाल्या, "अगं, गावभर सांगून बसले मी."

"व्हय."

"करपली म्हणली असतीस तरी चाललं असतं."

"म्हणणार व्हते."

पद्माबाईंनी तिच्याकडे बघितलं, जशी भाजीवाल्याकडची भेंडी बघतात. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, एक थर्मास स्वतः उचलला आणि मागच्या कुंपणापाशी नेऊन ओतला. दुसरा शीतलनं ओतला. काळ्या मातीवर काळी कॉफी. वाफ तेवढी दिसली. वास गूळ करपल्यासारखा, आणि तो विहारात आत शिरला तेव्हा आतल्या पंचवीसच्या पंचवीस जणींनी श्वास घेतलेला ऐकू आला.

"वास तर चांगला व्हता," सपना म्हणाली.

मग गरम पाणी केलं. कोणाला कोरा चहा सुचला नाही. सगळ्या जणी कप दोन्ही हातांत धरून नुसतं गरम पाणी प्यायल्या.

"उरलेली पूड टाकू नको," पद्माबाई पाण्यावर फुंकर घालत म्हणाल्या. "डबा बांधून माळ्यावर ठेव. त्या खड्ड्यात बारीक केस तरी राह्यले असतील मुळीचे. फुटू दे, पान दिसंल. मंग बघू."

*

तेव्हापासून शीतल रोज सकाळी बांधावर जाते आणि चौथ्या खड्ड्यात तांब्याभर पाणी घालते.

"रिकाम्या खड्ड्याला पाणी घालून राहिली," पुंजाजी खेमाला सांगतात. "आता धोतरा निघाला तर?"

"निघू द्या," ती म्हणते.

तोंड कोरडं पडणं चार-पाच दिवसांनी थांबलं. माळ्यावरच्या डब्याकडे मात्र ती अजून मान वर करून बघत नाही. अकराव्या दिवशी खड्ड्यात एका जागी माती नखभर उचललेली होती. शीतल उकिडवी बसली, तांब्या बाजूला ठेवला, आणि हात मागं बांधून बघत राहिली.