मालवणी मसाल्याचा ईमेल

मित्रांनो, मी एक जुना ईमेल आहे. जुना म्हणजे किती? पुरता महिन्याचाही नाही. पण स्पॅमच्या कोठडीत महिना भरला की आम्हाला आपोआप पुसून टाकतात, म्हणून आमच्यात हे म्हातारपणच.

माझा जन्म घाटकोपरचा. तिथे प्रेमाकाकू घरीच मालवणी मसाला करतात. यंदा मिरच्यांची पोती येऊन पडली होती, पण ऑर्डरचा पत्ता नव्हता. हा हंगाम फुकट गेला तर काम बंद करून गावी जायचे, असे त्यांनी ठरवले होते. म्हणून त्यांचा मुलगा सर्वेश याने मला लिहिले. काय माझा थाट! लालभडक अक्षरे, 'त्वरा करा, शेवटची संधी!!!' पत्ते त्याने ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेतून उचलले. "सगळी आपलीच माणसं, विचारायचं काय त्यात?" असे म्हणून त्याने बटण दाबले आणि माझी शेकडो भावंडे एकदम सुटली.

डोळ्याचे पाते लवण्याआधी मी मुलुंडला, निवृत्त शिक्षिका सुहासिनीबाईंच्या दारात होतो. तिथे स्पॅम फिल्टर नावाचा द्वारपाल उभा होता. त्याला ना हात ना डोळे, तरी क्षणात त्याने माझे अक्षर न् अक्षर वाचले. मी कुणाकडून आलो, बाईंची नि माझी काही ओळख आहे का, सारे तपासले. शेकडो घरांत एकदम घुसणारा हा भडक पाहुणा त्याला चोरच वाटला. झाली माझी रवानगी कोठडीत!

मला राग आला होता. पण आजूबाजूला पाहिले तर खोट्या लॉटऱ्या, बँकेच्या नावाने पासवर्ड मागणारे भामटे! हे सगळे बाईंना लुबाडायला निघाले होते आणि त्याने एकट्याने अडवले होते. मी थक्क झालो. मात्र काकूंच्या मिरच्या आठवल्या की जीव तुटायचा.

तिकडे घाटकोपरला काय घडले ते मला मागाहून आलेल्या धाकट्या भावाने सांगितले. शेजारची दीप्ती तिच्या ऑफिसात जाहिरातींचे ईमेल पाठवते. एकही ऑर्डर येईना, तेव्हा सर्वेशने तिला गाठले.

"यार, फिल्टरला चकवायची काहीतरी ट्रिक सांग ना!"

"ट्रिक कसली रे? लोकांना आधी विचारलंस का तू?"

काकू आतून कडाडल्या, "हळदीकुंकवाक सुदिक आपण घराक जाऊन बोलावतंव. आणि तू इचारल्याशिवाय सगळ्यांच्या घरात शिरलंस?"

मग त्या स्वतः एकेकीला फोन करू लागल्या. सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, मला काहीच आलं नाही! थांबा, बघते." त्यांनी कोठडी उघडली, मला ओळखले आणि 'स्पॅम नाही' या बटणावर बोट ठेवले.

मित्रांनो, एवढा बलाढ्य द्वारपाल, पण बाईंच्या त्या एका बोटापुढे निमूट बाजूला झाला! मी इनबॉक्समध्ये आलो. पुढे साध्या काळ्या अक्षरांतला, 'नको असल्यास इथे कळवा' असे सांगणारा माझा भाऊ आला, तर त्याला कुणी अडवलेसुद्धा नाही.

माझी बरीच भावंडे न वाचताच पुसली गेली. पण ज्यांनी ज्यांनी हो म्हटले, त्यांच्यासाठी पोती कांडपाला गेली. गावी जाण्याचा विषय काकूंनी पुन्हा काढला नाही.

तेव्हा कुणाच्या दारात जाण्याआधी विचारत जा. आणि मधूनमधून त्या कोठडीत डोकावत जा. भामट्यांच्या गर्दीत एखादी प्रेमाकाकू तुमची वाट पाहत असेल.