मी गिळलेला शब्द

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आधी स्वतःच्या रूपाचं कौतुक करतात. मीही केलं असतं, पण आता तोंड राहिलेलं नाही. म्हणून सरळच सांगतो. दारव्ह्यापासून दोन कोसांवर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. त्या तांड्याचा मी जुना नगारा. माझं पोट तांब्याचं आहे आणि तोंडावर ताणलेलं चामडं. चामडं आजवर तीनदा बदललं, पोट मात्र पहिलंच. कुठल्याशा तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं, आणि मार खायची सवय मला तेव्हापासून लागली ती आजतागायत सुटली नाही.

मार खाणारा मोठ्याने ओरडला की लोकांना वाटतं तो खुशीत आहे. माझ्या बाबतीत ते खरंही होतं. मला वाजायला फार आवडायचं.

तांड्याचे नायक हिरासिंग. पांढऱ्या मिशा, कमी बोलणं. सणावाराला ते होळीची लाकडं रचावीत तशी थोडी काटकी रचायचे आणि मला त्या जाळाशेजारी ठेवायचे. ऊब लागली की चामडं ताठ होतं आणि आवाज उघडतो. मग सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर मला मांडायचं आणि टिपऱ्या बादलच्या हातात द्यायच्या. बादल म्हणजे आमचा वाजवणारा. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात फवारणी करणारा हा सडपातळ माणूस टिपऱ्या हातात आल्या की वेगळाच दिसायचा. आमच्या तांड्याचा रिवाज असा की माझ्यावर थाप पडली की घरात कुणी बसायचं नाही. म्हातारी माणसंसुद्धा काठी टेकत ओट्यापाशी येत. बायका घेर धरून नाचत, आणि नाचताना एखादीने हात वर केला की बादलने समजायचं, ठेका वाढव. तोंडाने सांगायची पद्धतच नव्हती, कारण माझ्यापुढे तोंडाचं ऐकू कुणाला येणार?

हा हात वर करण्याचा रिवाज लक्षात ठेवा. पुढे त्यानेच घात केला.

हिरासिंग नायक तरण्या पोरांना जुन्या गोष्टी सांगायचे. आपले वाडवडील हजारो बैलांवर धान्य लादून राजांच्या फौजांमागून जायचे, दोन्हीकडच्या फौजा त्यांना वाट द्यायच्या, कारण पोट दोघांनाही असतं. या मालवाहतुकीला लदेणी म्हणायचे. आणि तांड्यापुढे नगारा वाजत जायचा. ते ऐकताना माझं पोट अभिमानाने घुमायचं. त्या फौजांनी पुढे जाऊन काय केलं, ते मी कधी विचारलं नाही.

आता भारतबद्दल सांगतो. रुक्माबाईचा हा एकुलता मुलगा. नवरा लवकर गेला, तिने ऊसतोडीला जाऊन पोर वाढवलं. होळीला नव्या बाळाची धुंड करतात, म्हणजे सगळा तांडा बाळाच्या दारी जमून त्याला आशीर्वाद देतो. भारतच्या धुंडीला मीच वाजलो होतो. माझा आवाज ऐकून बाळं रडतात, हा टकमक बघत राहिला. पुढे तो फौजेत गेला, तोही गाडी चालवायला. पीठ, डाळ, तेल, बटाटे वरच्या चौक्यांवर पोचवायचे. नायकांनी सगळ्यांना सांगितलं, "आपला भारत लदेणीच करून राह्यला, फक्त बैलाच्या जागी टरक आहे." तो गेला त्या सकाळी मला एवढा बडवला की दोन दिवस माझं अंग ठणकत होतं. मी खुशीत होतो.

आमच्या तांड्यात मोबाइलची रेंज फक्त देवळाच्या ओट्यावर येते. घरात फोन म्हणजे नुसता आरसा. म्हणून रुक्माबाई रोज संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, फोन घेऊन ओट्यावर येऊन बसायची. माझ्याच शेजारी. भारतचा फोन यायचा, तो जेवलीस का विचारायचा, ती जेवलास का विचारायची, आणि ते दोघं एवढ्यावरच पंधरा मिनिटं बोलायचे. मी मुकाट ऐकायचो. घरात हे लोक गोरबोली बोलतात, आईला याडी म्हणतात. तुम्हाला समजावं म्हणून मी त्यांचं बोलणं इकडच्या मराठीत सांगतो आहे.

मग सीमेवर लढाई लागली.

आठव्या दिवशी टीव्हीवर बातमी आली की आपल्या लोकांनी पलीकडे मोठा मार दिला. त्या संध्याकाळी शेजारच्या गावातले किसनराव मोटरसायकलवर पेढ्यांचा खोका घेऊन तांड्यात आले. किसनराव म्हणजे कापूस-तुरीचे मोठे शेतकरी, माणूस चांगला, अडीअडचणीला धावणारा. ते म्हणाले, "नायक, भारत आपल्या साऱ्यांचा पोरगा आहे. आज नगारा वाजलाच पाहिजे. वावरात आमाले आयकू आला पाहिजे." सण नाही, लग्न नाही, तरी नायकांनी काटक्या आणायला सांगितल्या. मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हे खोटं कशाला बोलू.

बादल वाजवू लागला. घेर धरला गेला. रुक्माबाईही नाचत होती, आणि तिच्या हातात फोन होता, कारण वेळ तीच होती. तो थरथरला. तिने कानाला लावला आणि तिचं तोंड उजळलं. भारतच होता.

तिला काही ऐकू येईना. रेंज फक्त ओट्यावर, आणि ओट्यावर मी. लांब जावं तर फोन तुटतो, जवळ थांबावं तर माझा दणदणाट. तिने एक बोट कानात घातलं, वाकली, मग बादलकडे बघून दुसरा हात वर केला. थांब, असं तिला म्हणायचं होतं. पण ती घेरात होती, आणि घेरातल्या बाईने हात वर केला की काय करायचं हे बादलला लहानपणापासून ठाऊक. त्याने ठेका दुप्पट केला. लोकांनी आरोळ्या दिल्या.

रुक्माबाईला त्या गदारोळात एकच शब्द ऐकू आला, "बंद". तिला वाटलं फोन बंद पडतो आहे. ती ओरडून म्हणाली, "बंद पडत असन तं राहू दे रे बापू, उद्या कर. उद्या." आणि फोन ठेवून हसत पुन्हा घेरात शिरली.

तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे वरच्या चौकीकडे जाताना भारतच्या ट्रकवर काहीतरी येऊन पडलं. ट्रकमध्ये पिठाची पोती होती, म्हणतात.

मग खूप माणसं आली. गाड्या, झेंडे, फुलं, फोटो. किसनरावांनी रडत रडत भाषण केलं की भारत अमर झाला. रिवाजाप्रमाणे मला देवळात भिंतीकडे तोंड करून ठेवलं, त्यामुळे मला काही दिसलं नाही, नुसतं ऐकू येत होतं. रुक्माबाईचा आवाज मात्र मला एकदाही आला नाही. तेव्हा मला दुःख झालं होतं, पण लाज नव्हती वाटली. लाज दीड महिन्यांनी आली.

भारतबरोबर गाडीवर असायचा तो पूनमसिंग, नेरकडच्या तांड्यातला. सुट्टीवर आला तेव्हा भारतची पेटी घेऊन तो आमच्याकडे आला. रुक्माबाई त्याच्याशी बोलायला ओट्यावरच बसली होती, जुन्या सवयीने. बादलही होता, नायकही. तिने पेटी उघडली नाही. तिने एवढंच विचारलं, "शेवटच्या फोनवर तो काय म्हणत होता? मले बंद एवढंच आयकू आलं."

पूनमसिंग जमिनीकडे बघत म्हणाला, "याडी, त्याच दिवशी आमच्या मांगची गाडी गेलती. तीन पोरं गेली. भारतने त्यायले हातानं उचललं. मंग त्यानं तुमाले फोन लावला, आन ठेवल्यावर मले सांगे, 'तांड्यात नगारा वाजून राह्यला. मी म्हटलं, बंद करा, इथं माणसं मरून राह्यली. याडीले आयकूच नाई आलं.'"

बादल उठला आणि देवळामागे जाऊन उभा राहिला. नायकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मी भिंतीकडे तोंड करून होतो ते बरंच झालं; कुणी काय केलं ते मी मागाहून लोकांच्या बोलण्यातून ऐकलं. मित्रांनो, माणसाचा शेवटचा शब्द त्याच्या आईपर्यंत पोचायचा होता, आणि तो मी गिळला. नुसता गिळला नाही, नाचत गिळला. माझ्या पोटात इतकी वर्षं लग्नं होती, सण होते. त्या दिवसापासून तिथे तो एकच शब्द आहे.

लढाई काही संपली नाही. कधी थांबायची, कधी पुन्हा लागायची. पावसाळा आला आणि खताची पोती येईनात. डिझेलही परवडेना. सोयाबीन पिवळं पडू लागलं तशी माणसं चिडली. पेढे वाटणारेच म्हणू लागले, ही लढाई आता पुरे झाली. श्रावणात दारव्ह्याला मोर्चा निघाला आणि किसनराव मला न्यायला टेम्पो घेऊन आले. नायक नको म्हणत होते. किसनराव म्हणाले, "सरकारले आयकू गेलं पायजे न, नायक. याच्यासारखा आवाज कोनाचा आहे?" बादलने टिपऱ्या हातात धरायला नकार दिला, म्हणून किसनरावांच्या गड्याने मला वाजवलं. ओल्या हवेत माझं चामडं सैल पडलं होतं. त्याने कागद पेटवून मला शेकलं, तरी आवाज भसाडाच निघाला. मला त्याचं बरं वाटलं.

किसनराव टेम्पोवर उभे राहून बोलत होते. खत द्या, डिझेल द्या, लढाई बंद करा. लोक मागून ओरडत होते, बंद करा, बंद करा. तेवढ्यात गर्दीतून रुक्माबाई पुढे आली. दारव्ह्याच्या बाजाराला आली असेल, हातात पिशवी होती. तिने माझ्या चामड्यावर हात ठेवला. वाजवणारा थांबला.

तिने आवाज चढवला नाही. "किसनराव," ती म्हणाली, "माह्या पोरानं हेच सांगितलं होतं. बंद करा. तवा तुमी पेढे वाटले. तो गेला तवा म्हणाले, अमर झाला. आता खताची थैली नाई आली तवा तुमाले लढाई समजली का?"

मागच्या कुणीतरी म्हटलं, बाईला बाजूला घ्या. तेव्हा किसनराव त्याच्यावर खेकसले, "गप बैस." मग ते टेम्पोतून खाली उतरले आणि तिच्यासमोर उभे राहिले. माझ्या लाजेपेक्षा मोठी लाज मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

रुक्माबाई म्हणाली, "मोर्चा काढा तुमी. पीक तं माहंही पिवळं पडलं. पन हे म्हणायले उशीर झाला, एवढं ध्यानात ठेवा." आणि ती तिची पिशवी घेऊन जीपच्या थांब्याकडे गेली.

परतताना किसनराव टेम्पोत मागे माझ्याजवळ बसले. पाऊस लागला तेव्हा त्यांनी अंगावरची घोंगडी काढून माझ्यावर टाकली.

मग होळी आली. आमच्यात रिवाज आहे की वर्षात ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी होळीला सगळ्या तांड्याने नगारा घेऊन जायचं. दारात थाप पडली की त्या घराचा शोक उतरला, असं धरतात. त्याशिवाय त्या घरी गोडधोड होत नाही, नवं लुगडं नेसत नाहीत. नायक सकाळी देवळात आले, मला भिंतीकडून फिरवलं आणि बादलला बोलावलं. बादल म्हणाला, "नायक, तिच्या दारात मी कोनत्या तोंडानं वाजवू?" नायक म्हणाले, "नाई वाजवलं तं ती जनमभर अशीच राहीन. तिले विचारू. ती म्हणन तसं."

मला रुक्माबाईच्या दारात ठेवलं. सगळा तांडा मागे उभा, किसनरावही आले होते, ते सगळ्यांच्या मागे. मला एवढंच वाटत होतं की तिने दार लावून घ्यावं. मी तिच्या दारात वाजायच्या लायकीचा नव्हतो.

ती बाहेर आली. बादलने टिपऱ्या तिच्या पायाशी ठेवल्या आणि खाली बसून हात जोडले. तिने टिपऱ्या उचलल्या आणि त्याच्या हातात परत दिल्या.

"तुले काय ठाव होतं बापू," ती म्हणाली. "हात मीच वर केलता."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. तांड्यातली आणखी तीन पोरं तेव्हा सीमेवर होती. त्यांच्या आया तिथेच गर्दीत उभ्या होत्या, फोन रेंजसाठी देवळाच्या ओट्यावर ठेवून, एक डोळा तिकडे लावून. रुक्माबाईला ते दिसलं.

"वाजव," ती म्हणाली. "पन एवढाच वाजव, का कोनाचा फोन वाजला तं आयकू आला पायजे."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आमची निगा राखा, आम्हाला धूळ लागू देऊ नका. माझी तशी विनवणी नाही. मला तेल नका लावू, उन्हात नका ठेवू, चाललं तर मोडीत घाला. फक्त मला शेकायला काटक्या रचण्याआधी जरा मागे वळून बघा, कुणी आई कानाला फोन लावून उभी आहे का. असली तर थांबा.

त्या सकाळी बादलने टिपऱ्या बाजूला ठेवल्या आणि नुसत्या बोटांनी माझ्यावर पाच थापा दिल्या. दोन थापांच्या मध्ये सगळा तांडा कान देऊन उभा होता.